चालत्या थाळीवर हात

वहिनीचं मनगट मोडलं तेव्हा काडी स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. थोरल्या भावाने तिचा हात मधल्या दाराच्या फटीत धरला, दार लावलं, उघडलं आणि पुन्हा लावलं. दुसऱ्या वेळी आवाज आला. हलका आवाज होता, वाळलेली फांदी मोडावी तसा. काडीची सुरी थांबली नाही. कांदा संपला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण पाटावरच काप काढतो आहोत.

ही महिन्यापूर्वीची गोष्ट. त्याच्या वर्षभर आधी पोरीचा कान. आठ वर्षांची पोर, बापाच्या चपलेवर पाणी सांडलं म्हणून एक मुस्कटात बसली, आणि तेव्हापासून डाव्या बाजूने हाक मारली तर ती वळत नाही. वहिनी एकदा पोरीला घेऊन निघालीही होती. पण त्या दिवशी दोघे भाऊ काम करायचे त्या थिएटरमध्ये खेळ मध्येच बंद पडला, थोरला दीड तास आधी घरी आला आणि बस सुटायच्या आत स्टँडवर पोचला. भर गर्दीत त्याने तिला केसांना धरून आणलं. लोकांनी वाट करून दिली.

आज सकाळी थोरला आंघोळीला गेल्यावर वहिनी काडीजवळ येऊन उभी राहिली. प्लास्टरमधला हात तिने पोटाशी धरला होता.

"भावोजी, दुपारचा खेळ मोठा आहे ना?"

"हो. तो युद्धाचा. पावणेतीन तासांचा, मध्यंतर नाही."

"तेवढा वेळ हे केबिनमधून हलणार नाहीत?"

"हलता येत नाही. मोठ्या फिल्मला दोन माणसं लागतात."

"माझा भाऊ गाडी घेऊन येतोय. पोरीला शाळेतूनच घेऊ." ती न्हाणीघराच्या दाराकडे पाहत होती. आत पाणी पडत होतं. "खेळ बंद पडू देऊ नका. बाकी तुमच्याकडून काही नको."

बाकी काही नको, हे ती रागाने बोलली नव्हती. म्हणूनच ते काडीला दिवसभर टोचत राहिलं.

काडी हे त्याचं नाव नव्हे. लहानपणी अंगाने काटकुळा म्हणून थोरल्याने ठेवलं आणि वीस वर्षं थिएटरच्या प्रोजेक्टर-केबिनमध्ये काम केल्यावर पगारपत्रक सोडलं तर सगळीकडे तेच चिकटलं. दोघांचा बाप याच केबिनमध्ये होता. आपल्यामागे त्याने मुलांना दोन गोष्टी ठेवल्या, एक हे काम आणि दुसरा एक नियम. प्रोजेक्टरचा दिवा पेटलेला असताना केबिनमध्ये हात उचलायचा नाही. बापसुद्धा मारकुटा माणूस होता, पण दिव्यापुढे तो पोरांना नुसता डोळ्यांनी दटावायचा. तो नियम का होता ते दिव्याकडे पाहिल्यावर कळायचं. माणसाच्या दंडाएवढी काचेची नळी, आत वायू इतका दाबून भरलेला की थंड असतानाही तिला हात लावायचा तर कातडी जाकीट, हातमोजे आणि तोंडावर जाळी चढवावी लागे. पेटल्यावर ती पाण्याने गार ठेवावी लागायची. एकदा एक नळी फुटली होती. लोखंडी पेटी बंद होती म्हणून माणसं वाचली, पण पेटीच्या आतल्या आरशाचं पीठ झालं होतं.

काडीला मात्र तो नियम वेगळ्या कारणाने आवडायचा. दिवा पेटला की त्याला भावाची भीती वाटत नसे.

"काय रे काडी, जेवलास की नाही? थाळीबरोबर फिरून पडशील." खेळाआधी केबिनमध्ये थोरला फिल्म ओवत होता. चाळीस-पन्नास रुळांमधून हात न अडखळता फिरत होता. थोरल्याचे हात सुंदर होते. हे काडीला कबूल करावंच लागे.

"जेवलो."

"तुझ्या वहिनीने मीठ घातलं होतं का आज? माझ्या डब्यात नव्हतं. एका हाताने करते म्हणून सूट मागते बाई." तो हसला. काडीही हसला. वीस वर्षांची सवय होती.

मोठ्या पडद्याच्या फिल्मची गोष्ट अशी की ती नेहमीच्या फिल्मसारखी वरून खाली येत नाही, आडवी धावते. तिचं एकेक चित्र तळहाताएवढं असतं, नेहमीच्या चित्राच्या जवळजवळ दहापट. म्हणूनच पाच मजली पडद्यावर ताणलं तरी घोड्याच्या पापणीचे केस मोजता येतात. एवढी जड पट्टी साध्या प्रोजेक्टरसारखी आकड्याने ओढायला गेलं तर भोकं फाटतील. म्हणून इथे तिला ओढत नाहीत. एक मोठं चक्र फिरतं, पट्टीला त्यात लाट येते, आणि ती लाट एकेक चित्र पुढे नेऊन खिळ्यांवर अलगद ठेवते. मागून हवा शोषली जाते, चित्र काचेला चिकटतं, क्षणभर अगदी निश्चल होतं, मग पुढची लाट त्याला उचलून नेते. हे सेकंदाला चोवीस वेळा. पाहणाऱ्याला वाटतं चित्र हलतंय. खरं तर ते ज्या क्षणी दिसतं त्या क्षणी थांबलेलं असतं.

आख्खा सिनेमा एका आडव्या थाळीवर गुंडाळलेला असतो. चार माणसं आडवी झोपतील एवढी थाळी, वर अडीचशे किलो फिल्म. एका थाळीच्या मधून फिल्म सुटते, प्रोजेक्टरमधून फिरून दुसऱ्या थाळीवर गुंडाळली जाते. वेग फारसा नाही, घाईत चालणाऱ्या माणसाएवढा. पण ही फिल्म तुटत नाही. जुनी तुटायची. ही अडकली तर यंत्राचे दांडे वाकवते, पण स्वतः तुटत नाही.

म्हणून वाटेत एक ताणाचा दांडा असतो. फिल्म ओढली गेली की दांडा वर जातो, स्विच दबतं, यंत्र आपोआप थांबतं. या प्रिंटला जॉइंट फार होते. प्रत्येक जॉइंटला दांडा उडायचा आणि यंत्र मिनिटभर थांबायचं. थोरल्याने चौथ्या दिवशी वैतागून स्विच दबूच नये म्हणून त्यावर टेप मारून टाकली होती. स्विचऐवजी माणूस. एकाने दिव्याजवळ थांबायचं, दुसऱ्याने थाळीजवळ बसून बोटाची मागची बाजू धावत्या पट्टीला लावून ताण ओळखायचा. पट्टी ढिली पडून रुळावरून उतरली तर दोघांची एक जुनी रीत होती. थोरला म्हणायचा, "धर." काडी दोन्ही तळवे फिरत्या थाळीच्या कडेला लावून तिला मागे रेटायचा, पट्टीत वीतभर ढील यायची, आणि तेवढ्यात थोरला चालत्या यंत्रात हात घालून पट्टी उचलून रुळावर बसवायचा. प्रेक्षकांना पत्ता लागत नसे. कुठल्याही पुस्तकात असं करा म्हणून लिहिलेलं नाही. उलट करू नका म्हणून भिंतीवर लाल पाटी होती. पण असे त्यांचे शेकडो खेळ निभावले होते, आणि आपल्या हातून एकही खेळ बंद पडला नाही हे थोरला कुणालाही सांगत सुटायचा. मागचा तो बंद पडलेला खेळ विजेचा दोष होता, असं तो त्याच दमात सांगायचा.

दुपारी दिवा पेटला. फिल्म सुरू झाली. केबिनच्या काचेतून पडद्यावर धुळीचा रस्ता आला आणि पहिल्या तोफेने भिंत हादरली.

पहिल्या अर्ध्या तासातच पट्टी एकदा उतरली. "धर," थोरला म्हणाला. काडीने धरलं. थोरल्याचा हात आत गेला, बाहेर आला.

"तुझे तळवे आहेत म्हणून माझी बोटं आहेत," थोरला मिशीत हसत म्हणाला. असं तो कधीकधी बोलायचा.

काडीने खिडकीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. गाडी आता घरापाशी आली असेल. वहिनीला एका हाताने बॅग बांधता येईल का, असा मूर्ख प्रश्न त्याच्या डोक्यात फिरत होता. भाऊ बांधेल की. भाऊ आहे तिच्याबरोबर.

पडद्यावर सैनिक नदीत उतरले होते तेव्हा थोरल्याचा फोन वाजला. त्याने एक कान बोटाने दाबून फोन घेतला. पलीकडे त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या मावशी होत्या. मावशींचा आवाज इतका खणखणीत होता की काडीला थाळीजवळ ऐकू आला.

"अरे, घर बदलताय आणि सांगितलं पण नाही? ही सामान भरतेय गाडीत. म्हटलं मदतीला पोरगा पाठवू का?"

"पाठवा," थोरला शांतपणे म्हणाला. "आणि मी येईपर्यंत तिला जाऊ देऊ नका. गाडीवाल्याला चहा द्या."

फोन खिशात ठेवून त्याने काडीकडे पाहिलं. काडीने नजर वळवायला हवी होती, पण जमलं नाही, आणि एवढ्यावरून थोरल्याला सगळं कळलं.

"तुला माहीत होतं."

काडीने पट्टीवरचं बोट काढलं नाही.

"माझ्या घरात जेवतोस." थोरल्याने जाकीट काढून खुर्चीवर टाकलं. आवाज चढला नव्हता. "तू एकटा चालव. दांड्यावर लक्ष ठेव. मी जाऊन येतो. आज तिचे पाय मोडतो, म्हणजे हा विषय संपेल."

घर पायी दहा मिनिटांवर होतं. काडी उठला आणि दारात जाऊन उभा राहिला.

"बाजूला हो."

"खेळ चालू आहे, दादा."

"म्हणून तर सांगतोय नीट. दिवा पेटलाय. मला हात उचलायला लावू नकोस."

काडीनेच उचलला. पुढे पुष्कळ दिवस त्याला ते खरं वाटलं नाही. मूठ भावाच्या गळ्यावर लागली, नेमकी नाही, पण थोरला खोकत मागे सरकला आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आश्चर्य आलं. मग तो आला. त्याने काडीचं डोकं दोन्ही हातांत धरून दाराच्या चौकटीवर आपटलं, आणि काडीचा पुढचा दात ओठातून आरपार गेला. काडी खाली बसला. थोरल्याने पोटात लाथ घातली, दुसरी बरगड्यांवर, तिसरीही तिथेच. मार खायचा कसा ते काडीला येत होतं. पोट आत, हनुवटी छातीला, कानांवर कोपर. पण आज त्याला कान झाकता येत नव्हते, कारण त्याचे हात भावाच्या घोट्याभोवती होते.

"सोड."

काडीने सोडलं नाही. थोरल्याने मोकळ्या पायाची टाच त्याच्या बोटांवर रोवली, एकदा, दोनदा. करंगळी मोडली. भिंतीपलीकडे तोफा चालल्या होत्या आणि हजार माणसं श्वास रोखून बसली होती. थोरला त्याला तसाच ओढत दारापर्यंत घेऊन गेला, कडीला हात घातला. काडीने त्याच्या पोटरीचा चावा घेतला. फाटलेल्या ओठातलं रक्त त्याच्याच घशात गेलं. थोरला ओरडला, वाकला, काडीला शर्टाला धरून उचललं आणि केबिनच्या आत भिरकावलं. काडी थाळीच्या खांबावर आदळला. खांब हलला. वरून कुठूनतरी चट् असा आवाज झाला.

तो आवाज दोघांनाही ओळखीचा होता.

पट्टी रुळावरून उतरली होती. ढिल्या फिल्मची वेटोळी खाली येत होती, काळी, चकचकीत, फरशीवर उड्या घेत. आणखी दोन क्षण आणि ती मधल्या चक्राभोवती आवळली असती, मग प्रोजेक्टरमध्ये ताण गेला असता आणि पडदा काळा झाला असता.

थोरल्याचा हात कडीवर होता. दार अर्धं उघडलं होतं. त्याला जायचं होतं, बायकोचे पाय मोडायला जायचं होतं, आणि खेळ बंद पडला काय नि चालला काय, त्या घटकेला त्याला त्याचं काय होतं. पण त्याच्या हाताला ते कळलं नाही. तीस वर्षं जो हात अशा वेळी पुढे गेला होता तो आजही गेला. दोन ढांगांत तो यंत्रापाशी आला, नजर पट्टीवर, आणि नेहमीच्या आवाजात, राग नाही, काही नाही, कामाच्या आवाजात म्हणाला,

"धर."

आणि त्याने हात आत घातला.

काडी थाळीजवळच गुडघ्यांवर होता. थाळीची कड त्याच्या छातीसमोरून फिरत होती. तळवे लावायला त्याला उठावंही लागलं नसतं. ते नुसते पुढे करायचे होते.

त्याने ते मांडीवर ठेवले.

वेटोळं थोरल्याच्या मनगटावर चढलं आणि घट्ट झालं. त्याने मान वळवून काडीकडे पाहिलं. त्याला वाटलं असावं, ऐकू गेलं नाही. "धर रे," तो पुन्हा म्हणाला. मग थाळीने ओढलं. अडीचशे किलो फिरतं वजन हातभर पट्टीच्या टोकाशी आलं. थोरला रुळावर तोंडावर आपटला. फिल्मची भोकांची कड बाहीतून गेली, मग कातड्यातून, आणि मग ती चालतच राहिली. रक्त पट्टीवर चढून रुळारुळाने पुढे निघालं. स्विच दाबायला दांडा वर उचलला गेला, टेपवर अडून थरथरला. यंत्र थांबलं नाही.

"बटण," थोरला म्हणाला. "काडी. बटण दाब." मग शब्द राहिले नाहीत.

लाल बटण खांबावर होतं, काडीच्या डोक्याच्या वर. पहिल्या क्षणीच त्याला कळलं होतं की दादा आता कुठेही जात नाही. वहिनी सुटली. मावशींनी कितीही चहा पाजला तरी सुटली. म्हणजे पुढचे क्षण तिला वेळ मिळावा म्हणून नव्हते, एवढं त्याला तेव्हाही नीट कळत होतं. तो भावाच्या बोटांकडे पाहत होता. ती पांढरी होत होती. दाराच्या फटीत धरणारी बोटं. मुस्कटात बसलेली बोटं. त्याला स्वतःला कितीतरी सकाळी लागलेली.

मग पट्टीच्या फासात काहीतरी मोडलं. हलका आवाज झाला. काडी उठला आणि त्याने बटण दाबलं.

दिव्यापुढे पडदी पडली. थाळ्या आपल्या वजनाने थोड्या फिरून थांबल्या. बाहेर अंधारात हजार माणसं आधी गप्प होती, मग शिट्ट्या सुरू झाल्या. काडीने स्वतःचा पट्टा काढून भावाच्या दंडाला आवळला, कात्री शोधली, न सापडल्यावर जॉइंटच्या यंत्राचं पातं काढून फिल्म कापली. कुठल्याही ओढीने न तुटणारी ती फिल्म पात्याखाली कागदासारखी कापली गेली. थोरला त्याच्या मांडीवर पडला. त्याचे ओठ निळे झाले होते.

"मी धर म्हणालो होतो," तो म्हणाला.

"हो."

"ऐकू नाही आलं?"

"आलं होतं."

थोरल्याने डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा काडीला वाटलं की हा आपल्याला घाबरतोय. त्यात सुख नव्हतं. पण तो भास नव्हता, हेही खरं.

मॅनेजर धावत वर आला, दारातलं रक्त पाहून परत खाली धावला आणि मग चार माणसांना घेऊन आला. रुग्णवाहिकेपर्यंत काडी पट्टा धरून चालला. खुर्च्यांमधून जाताना एका म्हाताऱ्या प्रेक्षकाने विचारलं, पैसे परत मिळणार की खेळ पुढे चालू होणार.

हॉस्पिटलच्या बाकावर मॅनेजर काडीशेजारी बसला. काडीच्या ओठाला टाके पडले होते, करंगळीला पट्टी.

"तुझा भाऊ आत नेताना एकच सांगत होता. म्हणे, मी धर म्हणालो आणि यानं धरलं नाही. शुद्धीत नव्हता बहुतेक. हे धर म्हणजे काय प्रकार?"

"रीत आहे आमची."

"मग?"

"मी धरलं नाही."

मॅनेजरने त्याच्या सुजलेल्या तोंडाकडे, मोडलेल्या बोटाकडे पाहिलं. "तुझी अवस्था काय होती ते दिसतंय ना मला. मारामारी झालेली असताना कोण काय धरणार?"

"धरता आलं असतं," काडी म्हणाला. "पोलीस आले की मी तेच सांगणार आहे. तुम्ही उगाच मध्ये पडू नका."

मॅनेजर चहा आणतो म्हणून उठला आणि परत आला नाही.

संध्याकाळी फोन वाजला. अनोळखी नंबर होता.

"भावोजी?" वहिनीचा आवाज बारीक येत होता. "पोचलो आम्ही. मावशी फोनवर सांगत होत्या, थिएटरात काहीतरी झालं. खरं का?"

"खरं."

"जगतील ना?"

"जगेल. हात गेला."

तिकडे कुठेतरी भांडी वाजत होती. मग तिने विचारलं, "कुठला?"

"उजवा."

"आख्खा?"

"डॉक्टर म्हणाले, ठेवलाय जागेवर. बोटं हलणार नाहीत."

वहिनी रडेल, असं काडीला वाटलं. किंवा त्याला बोलेल. दोन्हीची त्याने तयारी केली होती. पण ती रडली नाही आणि त्याला काही बोललीही नाही. फोन ठेवायचं ती विसरली असावी, कारण पलीकडून पोरीचा आवाज आला. ती विचारत होती की दाराला आतून खुर्ची लावायची का. आणि वहिनी तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसली असणार, कारण ती अगदी हळू म्हणाली, "नको. आज राहू दे."